हौशी बायकोचं घर

नाहूर,
१८ फेब्रुवारी २०२४

चंद्रप्रकाश,

तुझी बायको काल माझ्याकडे येऊन गेली.

मालाडला मावशीकडे जाते असं तुला सांगून ती मनोरीहून निघाली होती. दार उघडल्यावर तिनं माझ्या खांद्यावरून आधी आत बघितलं, मग माझ्याकडे. आपला घटस्फोट होऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्याकडे पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस असंच करतो, त्यामुळे मला राग आला नाही.

"मालन तुम्हीच ना?" तिनं विचारलं. "मी पेट्रिशिया. सीपीची मिसेस."

तुला आता सीपी म्हणतात, हे मला काल कळलं.

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि मी खाली सतरंजीवर बसले. ती बराच वेळ इकडेतिकडे बघत होती. ओटा, दोन पातेली, भिंतीतला कोनाडा, त्यावरचा पडदा. शेवटी म्हणाली, "राग मानू नका ताई, पण मला तुमचं कपाट बघायचंय."

मी पडदा सरकवला. ऑफिसच्या साड्या, लग्नाकार्याला नेसायची एक, बाबांची एक जुनी शाल.

"बाकीचं कुठे ठेवता?"

"बाकीचं नाही."

तिनं स्वतः पडद्याची दुसरी बाजू उचलून बघितली. मग परत येऊन बसली आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. ते हसू काही चांगलं नव्हतं. म्हणाली, "तो म्हणतो, तुम्ही त्याला संपवलंत. रोज नवी साडी, दर दिवाळीला नवा टीव्ही, म्हणून त्याचं घाटकोपरचं मॉड्युलर किचनचं दुकान गेलं."

"आणि तुमच्याबद्दल काय म्हणतो?"

"आता माझ्याबद्दल पण हेच सांगत फिरतोय. परवा माझ्या पप्पांना सांगितलं."

मी तिला पाणी दिलं. तिनं विचारलं, माझी नोकरी गेली का, आजारपण झालं का. मी म्हटलं, विमा कंपनीत आहे, मुलुंडच्या ऑफिसात, पगार बरा आहे. ती म्हणाली, "मग?"

हा 'मग' मला सगळेच विचारतात आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देते. कुणाला सवय म्हणून सांगते, कुणाला सांगते एकट्या बाईला असं कितीसं लागतं. शेजारच्या बाईंना वाटतं मी कुठल्यातरी आध्यात्मिक बैठकीला जाते, मी ते खोडून काढत नाही. पेट्रिशियाला मात्र खरं सांगितलं. ती तुझ्याबरोबर राहते आहे, तिला ऐकायचा हक्क आहे.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, तरी लिहिते. तुझ्या गुणाजी काकांच्या घरी, घाटकोपरला, तू सगळ्यांना बोलावलंस. दुकान बंद झालं होतं आणि ज्यांनी तुला मदत केली होती त्यांना काहीतरी सांगणं भाग होतं. मी पोळ्या लाटत होते, तर तू मला बाहेर बोलावलंस. सतरंजीवर माझ्या साड्या पसरल्या होत्या. तू त्या घरून सुटकेसमध्ये भरून आणल्या होत्यास, मला न सांगता. त्या साड्या कुणी घेतल्या होत्या, चंद्रप्रकाश? गिऱ्हाइकांच्या वास्तुशांतीला मला नटवून न्यायचास तू. "माझ्या बायकोकडे बघून लोक किचन बुक करतात," असं हसत सांगायचास. मला कांजीवरम नेसून उकाड्यात उभं राहायचा कंटाळा यायचा, तरी मी यायचे.

तू म्हणालास, "हिला काही कमी पडू दिलं नाही, हेच माझं चुकलं. आता हिच्या हौसेचं ओझं मला एकट्याला झेपत नाही."

काकूंनी एक साडी उचलून तिचा पदर बघितला. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझे बाबा उठले. लवू नावाचा तो म्हातारा जन्मभर गिरणीत राबला, कुणापुढे वाकला नाही. संपातसुद्धा नाही. ते तुझ्यासमोर आले, हात जोडले आणि म्हणाले, "पोरीक वळण लावूक आमी कमी पडलो, जावयबापू."

आवाज फार खाली होता, पण मी शेजारीच होते. तू मान हलवलीस. म्हणजे माफ केलंस.

पुढच्या वर्षी बाबा गेले. त्या एका वर्षात त्यांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मी सांगायला लागले की म्हणायचे, "जाऊं दे गो, झाला ता झाला." त्यांनी मला माफ केलं होतं. जे मी केलंच नव्हतं, त्याबद्दल.

म्हणून मी अशी राहते. मी भांडू शकले असते, पण तू माझ्यापेक्षा चांगला बोलतोस. मग ठरवलं की आपण काही बोलायचंच नाही. कुणीही, कधीही, न सांगता यावं आणि माझी हौस शोधावी. पहिल्या वर्षी तुझ्या काकू हळदीकुंकवाचं निमित्त काढून आल्या, चमचा हवाय म्हणून ओट्याखालचे सगळे डबे उघडून गेल्या. चहा अर्धा टाकून निघाल्या. घरी जाऊन काय सांगितलं असेल ते त्यांच्या घाईवरून मला कळलं. मग एकेक जण येत गेला. ऑफिसातल्या अंबादासने एका दिवाळीला मिक्सर आणून दिला होता. मी दुसऱ्या दिवशी परत केला. तो म्हणाला, "एक मिक्सर असला तर काय बिघडतं?" बिघडलं असतं. कुणाच्यातरी नजरेला पडला असता. अंबादासने नंतर लग्न केलं. तो विषय वेगळा.

पेट्रिशिया म्हणाली, पुढच्या रविवारी तू तिच्या वडिलांकडून घराच्या कागदांवर सही घेणार आहेस. मनोरीचं घर, विहिरीसकट, अंधेरीच्या कुठल्या पार्टीला विकलं जाणार. कारण काय, तर पेट्रिशियाच्या खर्चानं तू बुडालास. तिनं मला विचारलं, "याल का?"

मी कुणाकडे जात नाही, असं सांगितलं. खरं आहे ते. पण रात्रीपासून मार्वेच्या बोटीची चौकशी कुणाकडे करावी याचा विचार करते आहे.

मालन


नाहूर,
२६ फेब्रुवारी २०२४

चंद्रप्रकाश,

तू काल मला गेटमध्ये बघितलंस तेव्हा तुझा चेहरा कसा झाला, ते मी पुष्कळ दिवस आठवत राहणार आहे.

लिंक रोडच्या बसनं गोरेगाव, तिथून मालाड, मग मार्वे, मग बोट. बोटीत माझ्याशेजारी एक बाई बोंबलांची टोपली घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "कुणाकडे?" मी म्हटलं, पेट्रिशियाच्या वडिलांकडे, अर्बनकाकांकडे. ती म्हणाली, त्यांच्या जावयानं गावात बंगले भाड्यानं द्यायचा धंदा टाकलाय, पाण्याचे टब आणलेत, शनिवारी गाणी लावतात. तुझी कीर्ती मला पाण्यावरच कळली.

मी व्हरांड्यात आले तेव्हा तुझा पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा होता. टेबलावर कागद होते. अंधेरीचा माणूस मोबाइल बघत होता. अर्बनकाका चष्मा लावून पहिलंच पान परत परत वाचत होते. पेट्रिशिया दाराला टेकून उभी होती.

"तू इथे काय करतेस?" तू विचारलंस.

"बसायला आले."

"पप्पा, ही माझी आधीची..."

"मला सांगितलंय पॅटनं," अर्बनकाका म्हणाले. "बसा बाय." आणि तुला म्हणाले, "तू बोल, काय बोलत होतास ते."

मीही म्हटलं, "हो, तू बोल. माझं काही नाही."

आणि तू बोललास. मला वाटलं होतं माझ्यासमोर तुझी जीभ अडखळेल. नाही अडखळली. तुझ्या या गुणाचं मला पूर्वीपासून नवल वाटतं. धंदा कसा चांगला चालला होता, मग गाडी आली, मग सोफा, मग पॅटच्या मैत्रिणींच्या पार्ट्या. तू दुःखी आवाजात म्हणालास, "हिला काही कमी पडू दिलं नाही, हेच माझं चुकलं."

जागा तेवढी बदलली होती. बाकी शब्द तेच, मध्ये थांबणं तेच.

पुढचं वाक्य तू बोलायच्या आधी मी बोलले. अगदी तुझ्याच सुरात. "आता हिच्या हौसेचं ओझं मला एकट्याला झेपत नाही."

तू तोंड उघडं ठेवून थांबलास. तेच म्हणणार होतास, हे व्हरांड्यातल्या प्रत्येकाला दिसलं. अंधेरीच्या माणसानं मोबाइल खाली ठेवला.

अर्बनकाकांनी चष्मा काढला. "बाय, तुला कसं ठाऊक तो काय बोलणार ते?"

"मी हे आधी ऐकलंय. तेव्हा पेट्रिशियाच्या जागी मी उभी होते. आणि तुमच्या जागी माझे वडील बसले होते."

"मग त्यांनी काय केलं?"

"त्यांनी खरं मानलं."

म्हाताऱ्यानं कागद बाजूला सारले. मग लेकीला म्हणाला, "पॅट, गाडी कुणी घेतली?"

"यानं घेतली. बंगल्यावर येणाऱ्या पार्टी लोकांना गावात फिरवायला. सोफा भाड्याच्या बंगल्यात आहे, पप्पा. माझ्या घरात तुमचीच खाट आहे."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही. तुम्ही त्यालाच विचारत होता."

यावर अर्बनकाकांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. तू म्हणालास, "पप्पा, ही बाई माझ्यावर जळते म्हणून..." तर ते म्हणाले, "असंल. पण ती बोटीनं आली तरी तिच्या हातात काय नाय. तू कागद घेऊन आलास." अंधेरीचा माणूस उठला तेव्हा त्यांनी त्यालाच नमस्कार केला, तुला नाही.

मला त्यांनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. सुरमईचं कालवण होतं. मी दोनदा भात घेतला. किती वर्षांत मी कुणाच्या घरी पोटभर जेवले नव्हते. लोकांकडे गेले की अर्ध्यावर पुरे म्हणायची सवय लागली आहे, हावरी दिसू नये म्हणून. काल ते विसरले. तू गेटबाहेर फोनवर कुणालातरी समजावत होतास, मधूनमधून कपाळ पुसत होतास. मी बसले होते तिथून तू नीट दिसत होतास. कालवण जास्तच चांगलं लागलं.

निघताना पेट्रिशिया बोटीपर्यंत आली. म्हणाली, "ताई, आता तरी एक पलंग घ्या." मी हसले. तिला वाटलं सगळं संपलं. माझं संपलं नव्हतं. तिचं घर वाचलं, त्याचा मला आनंद आहे, पण मी तिच्यासाठी गेले नव्हते. तुला एकदा तरी पुढचं वाक्य न सुचलेलं बघायचं होतं.

मालन


नाहूर,
१७ नोव्हेंबर २०२४

चंद्रप्रकाश,

तू आज दुपारी आलास आणि तासाभरात गेलास. जे तोंडावर बोलता आलं नाही ते लिहिते.

दार उघडलं तर तू बॅग घेऊन उभा. केस विरळ झालेत, शर्ट चुरगळलेला. पेट्रिशियानं तुला बाहेर काढल्याचं तिनं मला फोनवर आधीच सांगितलं होतं, त्यामुळे नवल वाटलं नाही. नवल पुढे वाटलं.

मी या दिवसाची वाट बघत होते, हे तुला खरं सांगते. तू कधीतरी या दारात येशील, आत बघशील आणि तुला कळेल. मी एक शब्द न बोलता तुला कळेल. बारा वर्षं भिंतीवर नवा रंग लावला नाही, तो त्या एका क्षणासाठी.

तू आत आलास. बघितलंस. कोनाडा, ओटा, सतरंजी. तुझे डोळे भरले, आणि मी म्हटलं, आता.

तू म्हणालास, "मालन, ही काय अवस्था करून घेतलीस? पैशांची अडचण होती तर मला सांगायचं ना."

मला आधी वाटलं तू टोमणा मारतोयस. तू टोमणा मारत नव्हतास. तुला माझी दया आली होती. जरा बरंही वाटलं असावं, आपल्यावाचून हिचं असं झालं म्हणून.

"माझी पत्रं मिळाली का?" मी विचारलं.

"पत्रं? पाकिटं मी उघडत नाही गं. सगळी बँकेचीच असतात."

"आणि मनोरीला मी जे बोलले ते?"

"ते तुला पॅटनं पढवलं, मला काय कळत नाही? तिला मी तसं चार वेळा बोललो होतो."

"तू गुणाजी काकांच्या घरी काय बोललास, आठवतं?"

"कधी?"

"दुकान बंद झालं तेव्हा. माझ्या साड्या पसरून."

तू खरोखर विचार केलास. मी तुझा चेहरा ओळखते, खोटं बोलताना तू समोरच्याच्या डोळ्यांत बघतोस. आज तू खाली बघत होतास. "तेव्हा डोकं जागेवर नव्हतं माझं," म्हणालास. "काहीतरी बोललो असेन. रागात माणूस बोलतो. ते कुणी मनावर घेतं का?"

"माझ्या बाबांनी घेतलं. तुझ्यापुढे हात जोडले त्यांनी."

"ते होय? उठताना काहीतरी पुटपुटले ना ते? मला वाटलं, येतो म्हणतायत. म्हणून मी मान हलवली."

तू हे अगदी सहज बोललास. खुर्चीच्या हातावर बोट आपटत.

चंद्रप्रकाश, तुझी ती मान मी रोज बघितली आहे. ऑफिसला जाताना, भाजी निवडताना. हा माणूस माझ्या बापाला माफ करतो, असं म्हणत मी एकेक वस्तू घरातून काढली. आणि तू त्यांना निरोप देत होतास. त्यांनी आयुष्यात एकदा मान खाली घातली आणि ते तुला कळलंसुद्धा नाही.

मग मी तुला त्यांचे शब्द सांगितले. तू खिशातून फोन काढलास. थोड्या वेळानं म्हणालास, "मी काकांना फोन करू का आत्ता? सगळ्यांना सांगतो, तुझी चूक नव्हती."

"नको."

"का? मी स्वतः सांगतो ना."

"तू सांगितलंस की लोक म्हणतील, किती मोठ्या मनाचा आहे. तेवढंही मला तुला द्यायचं नाही."

तू रुमालानं तोंड पुसलंस आणि विचारलंस, "चहा टाकतेस जरा?"

मी म्हटलं, "पाणी मी कुणालाही देते. चहा ओळखीच्या माणसाला."

तू हसलास. तुला ती गंमत वाटली. मग मी उठत नाही हे बघून तू बॅग उचललीस. दारात थांबून म्हणालास, "तू फार बदललीस." दार लावल्यावर मी काय केलं, ते तुला सांगणार नाही.

मालन


नाहूर,
२० जानेवारी २०२५

चंद्रप्रकाश,

हे शेवटचं.

माझ्या भावाची मुलगी रुचिरा. तू तिला शेवटचं बघितलंस तेव्हा ती शाळेत होती. आता ती साध्या राहणीवर व्हिडिओ करते, पुष्कळ लोक बघतात. तीन खोल्यांचं सामान विकून एका खोलीत राहणारी माणसं वगैरे. गेली काही वर्षं ती माझ्या मागे लागली होती, आत्या तुझ्यावर एक करू दे. मी नाही म्हणायचे. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आली तेव्हा मीच म्हटलं, कर.

तिनं फोन डब्याला टेकवून ठेवला, माझे केस नीट केले आणि कॅमेऱ्यातला गोड आवाज काढून विचारलं, "आत्या, इतक्या कमी वस्तूंत राहायचं तू का ठरवलंस? पर्यावरणासाठी की मनःशांतीसाठी?"

मी म्हटलं, "सूड म्हणून."

ती फोन बंद करायला उठली. तिला वाटलं मी थट्टा करते. मी म्हटलं, "बस. चालू ठेव."

मग सगळं सांगितलं. दुकान, सुटकेस, साड्या, काकूंनी उचललेला पदर. मनोरीचा व्हरांडा. पेट्रिशियाला आधी विचारून घेतलं होतं. ती म्हणाली, माझं नाव पण घ्या. बाबांचं वाक्य मी मालवणीतच म्हटलं, जसं त्यांनी म्हटलं तसं. रुचिराला हे कुणीच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "आजोबा असं म्हणाले?" आणि कॅमेऱ्यामागे रडायला लागली. तिचं रडणं व्हिडिओत ऐकू येतं. तिनं तेही काढलं नाही.

मी शेवटी एवढंच म्हटलं की बाबांना मी सांगू शकले नाही, म्हणून ज्यांना ऐकायचं असेल त्यांना सांगते. मी साड्या मागितल्या नव्हत्या. मला त्यात उकडायचं.

आवरताना रुचिरानं विचारलं, "त्यांचं नाव काढून टाकू का? मी नुसता बीप टाकते."

"ठेव."

"आत्या, लोक खूप वाईट लिहितील खाली."

"आडनावासकट ठेव," मी म्हटलं.

काल रात्री तिनं तो टाकला. सकाळी तुझ्या काकूंचा फोन आला होता, मी उचलला नाही. ऑफिसात दोघीजणी माझ्याकडे बघून गप्प झाल्या. अंबादास माझ्या टेबलापाशी आला, थोडा वेळ उभा राहिला आणि फाइल न देताच परत गेला.

हे पाकीट तू उघडणार नाहीस, मला ठाऊक आहे. पण फोन तू दिवसभर बघतोस.

मालन